नादारीचा अर्ज आपला आपण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या सभेत मराठी शाळांची पटसंख्या निघते, पालिकेच्या निवडणुकीत आपला माणूस कोण यावर वाद होतो, गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब होतो. आज कार्यवाहांनी आम्हाला ज्या विषयावर उभे केले आहे, तो मात्र सभेत कधी निघत नाही. तो घरात, दार लावून, हळू आवाजात निघतो. विषय कर्जाचा आहे. कर्ज आता फिटणार नाही हे उघड झाल्यावर कायद्याच्या वाटेने काय करता येते, आणि वकिलाची फी द्यायला पैसे नसतील तर ती वाट आपली आपल्याला चालता येते का, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

आम्ही वकील नाही. बडोद्यातच बी.कॉम. झालो आणि वीस वर्षांहून अधिक काळ बँकेच्या काउंटरमागे बसलो. थकलेल्या खात्यांची यादी टाइप करणे, नोटिसांची पाकिटे भरणे, हे आमचे काम. म्हणजे आम्ही कर्जदाराच्या समोरच्या बाजूचे. पण संध्याकाळी पाचनंतर आम्हीही दांडिया बाजारातून पिशवी घेऊन घरी जातो, आणि ज्यांची नावे यादीत असतात त्यांतले काही आमच्या ओळखीचे असतात.

असेच एक गृहस्थ. नाव सांगत नाही. चार पिढ्या रावपुऱ्यात. आजोबा संस्थानच्या नोकरीत. ह्यांनी छापखाना टाकला: लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, शाळांची प्रगतिपुस्तके. ऑफसेट मशीनसाठी बँकेचे कर्ज काढले. पुढे त्यांना मोठे आजारपण आले, एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल बुडवले, आणि हप्ते थकले. हप्ता भरायला क्रेडिट कार्ड, कार्ड भरायला पतपेढी, पतपेढी भरायला व्याजाने पैसे देणारा. हा जिना आपल्याला ठाऊक आहे. तो खालीच जातो.

२०१२ साली एका रविवारी ते आमच्याकडे आले. एका वकिलाने सांगितलेली फी त्यांच्याजवळ नव्हती. आम्हाला म्हणाले, "भाऊ, दिवाळे काढायलाही पैसे लागतात म्हणे." आम्ही हसलो, पण नंतर पुस्तक काढून बसलो.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. नादारीचा आपल्याकडचा कायदा १९२० चा आहे, प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांना १९०९ चा वेगळा कायदा आहे. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, म्हणून आपल्याकडे १९२० चा. हे वार्तापत्र इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडेही जाते. तो भाग पूर्वी ब वर्गातल्या राज्यांत होता आणि १९२० च्या मूळ कायद्याने ती राज्ये वगळली होती. तिथल्या वाचकांनी आपल्याकडे कोणता कायदा चालतो हे जिल्हा न्यायालयात आधी विचारून घ्यावे.

नादारीचा अर्ज सावकार करू शकतो, तसा कर्जदार स्वतःही करू शकतो. स्वतः करायचा तर कलम १० पाहा. कर्ज फेडता येत नाही ही पहिली अट. त्याच्या जोडीला तीनपैकी एक गोष्ट हवी: कर्ज ५०० रुपये वा अधिक असणे, किंवा पैशांच्या हुकूमनाम्यावरून अटक झालेली असणे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू असणे. ५०० रुपये ही १९२० ची रक्कम आहे. आज ती अट पुरी न करणारा कर्जदार सापडणार नाही.

वकील लागतोच का? नाही. दिवाणी कामात पक्षकाराला स्वतः उभे राहण्याचा हक्क आहे. पण इथे एक खबरदारी. आमच्यासारखा शेजारी अर्ज लिहायला मदत करील, बेरीज तपासील, बाकावर शेजारी बसेल. तुमच्या वतीने कोर्टात बोलू शकणार नाही. बोलायचे तुम्हालाच. म्हणून आपल्या अर्जात काय लिहिले आहे ते आपल्याला तोंडपाठ पाहिजे.

अर्जात काय लिहायचे ते कलम १३ मध्ये क्रमाने दिले आहे. एक, मी कर्ज फेडू शकत नाही हे विधान. दोन, मी कुठे राहतो, कुठे धंदा करतो. तीन, अटक किंवा जप्ती झाली असेल तर कोणत्या कोर्टाच्या हुकमाने. चार, सगळी देणी, प्रत्येक सावकाराचे नाव, पत्ता आणि रक्कम. पाच, सगळी मालमत्ता, तिची किंमत, ती कुठे आहे, आणि ती कोर्टाच्या स्वाधीन करायला मी तयार आहे हे कबूल करणे. सहा, पूर्वी कधी असा अर्ज केला होता का. खाली सही आणि दाव्यावर असते तशी सत्यापनाची ओळ. अर्ज गुजरातीत चालतो. कोर्ट फीचा आकडा फायलिंगच्या खिडकीवर विचारून घ्यावा. नादारीच्या अर्जापायी कोणी नवे कर्ज काढू नये.

ऐकताना हे सोपे वाटते. चौथ्या कलमावर आम्ही चार रविवार घालवले. पहिल्या रविवारी ते म्हणाले, पाचएक लाख. बँक ३,८०,००० आणि दोन क्रेडिट कार्डे मिळून १,१५,०००. दुसऱ्या रविवारी पतपेढीचे १,४०,००० निघाले. तिसऱ्या रविवारी कागदवाल्याचे ६५,०००. चौथ्या रविवारी वहिनी चहा ठेवून आत गेल्या, तेव्हा खाली मान घालून म्हणाले, एकाकडून व्याजाने लाख घेतलेत आणि मेहुण्याचे ६०,००० आहेत. एकूण ८,६०,०००. वहिनींना हा आकडा अर्जावर वाचून कळला.

सभासदहो, नादारीच्या कामात सगळ्यात जड काम हेच आहे. खिडकीवरचा कारकून नव्हे, न्यायाधीश नव्हे, आपली आपण केलेली यादी. आणि ती पुरी हवी. देणे किंवा मालमत्ता जाणूनबुजून लपवली, हिशेबाच्या वह्या दडवल्या, तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अर्ज एकदा दिला की कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही.

आता आमची चूक सांगतो. ती सांगण्यासाठीच आज उभे राहिलो आहोत.

त्यांच्याकडे कागद कापायचे एक छोटे मशीन होते. त्यावर कोणाचा बोजा नव्हता. ते विकून ४५,००० आले. आम्ही म्हणालो, बँका काय, त्या बुडवतील आणि विसरतील. मेहुण्याचे आधी द्या, घरचा माणूस आहे. आम्हाला ते माणुसकीचे वाटले. त्यांनी दिले. दीड महिन्याने अर्ज दाखल झाला. पतपेढीच्या वकिलाने पहिल्या उलटतपासणीत तेच विचारले: कापायचे मशीन कुठे गेले?

कलम ५४ असे आहे की फेडण्याची ताकद नसताना एखाद्याच सावकाराला झुकते माप देण्यासाठी पैसे दिले आणि तीन महिन्यांत नादारीचा अर्ज झाला, तर ते देणे रद्द ठरते. कलम ५३ त्याहून लांबचे आहे. घर, सोने, दुकान फुकटात किंवा नाममात्र किमतीत बायकोच्या, भावाच्या नावे केले आणि ते केल्यापासून दोन वर्षांत नादारी आली, तर तेही उलटवता येते. मेहुण्याला ४५,००० रिसीव्हरकडे आणून भरावे लागले आणि बाकीच्या सावकारांबरोबर रांगेत उभे राहावे लागले. भाऊबीजेला त्या वर्षी कोणी कोणाकडे गेले नाही. हे कायद्याने केले नाही, आमच्या सल्ल्याने केले.

दुसरी गोष्ट आम्ही सांगायला विसरलो, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. पतपेढीच्या कर्जाला त्यांचा मावसभाऊ जामीन होता. एका शाळेत कारकून, दोन मुली शिकत होत्या. आम्हाला वाटले, मुख्य कर्जदार नादार झाला की कर्जच संपले. तसे नाही. कलम ४४ स्पष्ट सांगते की नादाराला मुक्ती मिळाली तरी जामीन सुटत नाही. पतपेढी त्याच्या पगारावर गेली. अर्ज करण्याआधी त्याच्या घरी जाऊन, समोर बसून, हे सांगायला हवे होते. त्याला ते नोटिशीतून कळले.

मंडळातल्या प्रत्येकाने हे घरी जाऊन सांगावे. आपल्या लोकांत जामिनाची सही म्हणजे लग्नाच्या आहेरासारखी झाली आहे. नाही म्हटले तर राग येतो. पण ती सही म्हणजे कर्जच आहे, फक्त पैसे दुसऱ्याच्या हातात गेलेले असतात.

पुढे काय होते? अर्ज दाखल झाला की सुनावणीची तारीख पडते आणि सावकारांना नोटिसा जातात. आमचा अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण दोन सावकारांचे पत्ते अपुरे होते. सुनावणीत कर्जदाराची तपासणी होते: कर्ज कशासाठी काढले, पैसे कुठे गेले, वह्या कुठे आहेत. कोर्टाला पटले की नादार ठरवल्याचा हुकूम होतो आणि त्यात मुक्तीसाठी किती काळात अर्ज करायचा ती मुदत असते. हुकमाची सूचना राजपत्रात छापून येते. नाव छापून येणार म्हणून कित्येक जण खिडकीवरून परत फिरतात. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की राजपत्र कोण वाचतो? वसुलीवाला जिन्यात उभा राहून ओरडतो ते सगळा वाडा ऐकतो.

हुकमानंतर मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणत्याही सावकाराला त्या कर्जासाठी तुमच्यामागे लागता येत नाही. ज्याच्याकडे तारण आहे तो मात्र आपले तारण विकू शकतो. आमच्या गृहस्थांचे ऑफसेट मशीन बँकेने विकले, दीड लाख आले. घर गहाण असेल तर नादारीच्या अर्जाने ते वाचेल अशी आशा धरू नये.

पण सगळेच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये ज्या वस्तूंवर जप्ती येत नाही त्या नादारीतही जात नाहीत: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, सरकारी निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, स्वतःच्या आयुर्विम्याची रक्कम. आणि धर्माच्या रूढीने स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. मंगळसूत्र जाईल का, हा वहिनींचा पहिला प्रश्न होता. जात नाही. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा आमच्या समोर येऊन बसल्या.

अटकेची भीती फार घातली जाते. पैशांच्या हुकूमनाम्यावर दिवाणी कैद आहे हे खरे. पण २,००० रुपयांच्या आतल्या हुकूमनाम्यावर ती नाही, स्त्रीला नाही, आणि जास्तीत जास्त तीन महिने. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसते पैसे नाहीत म्हणून माणसाला आत टाकता येत नाही. असून देत नाही, यात खोटेपणा आहे, हे दाखवावे लागते. वसुलीच्या फोनचेही तसेच. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बँकांना बजावले की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये. कोणी केला तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील नाही.

मात्र काही ठिकाणी नादारी उपयोगी पडत नाही. सरकारी देणे, लबाडीने केलेले कर्ज आणि पोटगी मुक्तीनंतरही राहतात. चेक परत गेल्याचा कलम १३८ चा खटला फौजदारी आहे. तो या अर्जाने आपोआप थांबत नाही. लबाडीचा आरोप असेल, घर गहाण असेल, किंवा कंपनीच्या कर्जाला तुम्ही जामीन असाल, तर एकट्याने जाऊ नका. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट वकील मिळतो, आणि कमी उत्पन्नाच्या इतरांनाही. नोकरदारांनी अर्जाआधी आपले सेवानियम वाचावेत. आणि सगळ्याआधी बँकेशी एकरकमी तडजोडीची बोलणी करून पाहावीत, लोकअदालतीत जावे. तिथे मिटले तर नादारीच्या दारात जाऊच नये. हे आम्ही काउंटरमागून सांगतो आहोत: वर्षभर गप्प राहिलेल्या कर्जदारापेक्षा पत्र लिहिणाऱ्या कर्जदाराची फाइल वेगळी चालते.

आमच्या गृहस्थांचे काय झाले? कापायच्या मशीनचे ४५,०००, स्कूटरचे १५,०००, गिऱ्हाइकांकडची वसूल झालेली उधारी ३०,०००. एकूण ९०,०००. बिनतारणी देणी ७,१०,०००. खर्च वजा जाता रुपयाला साधारण बारा पैसे पडले. कायदा म्हणतो की रुपयाला आठ आणेही निघत नसतील तर पूर्ण मुक्ती देऊ नये, पण ही वेळ त्याच्या दोषाने आली नाही असे पटले तर देता येते. पटवायला त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या: इस्पितळाची कागदपत्रे, आणि वडिलांनी लावलेल्या सवयीने रोज लिहिलेली रोजकीर्द. मागच्या तीन वर्षांच्या वह्या नीट नसत्या तर तेवढ्यावरून मुक्ती अडली असती. तीन वर्षांनी मुक्तीचा हुकूम झाला. आज ते दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरी करतात. मावसभावाचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे देतात. कायद्याने नव्हे, आपल्या मनाने.

आता राजकारणाचे दोन शब्द, कारण हे वार्तापत्र त्यासाठी आहे. राज्यघटनेच्या कलम १०२ आणि १९१ प्रमाणे मुक्ती न मिळालेला नादार खासदार-आमदार होऊ शकत नाही, आणि १९२० च्या कायद्याने तो स्थानिक संस्थांच्या निवडणुकीतूनही बाद होतो. म्हणजे ज्यांना हा कायदा लागतो, त्यांनाच तो बदलणाऱ्यांत बसता येत नाही. त्यांच्या वतीने बाकीच्यांनी बोलले पाहिजे.

२०१६ साली संसदेने दिवाळखोरीची नवी संहिता केली. तिच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठी सुटसुटीत वाट आहे. अर्ज स्वतः करण्याची सोय कायद्यातच लिहिलेली आहे. अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाचे प्रकरण आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. छापखानावाला, रिक्षावाला, विधवा बाई यांच्यासाठी तो तेव्हा लागू केला नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे अजूनही त्यांना १९२० च्याच खिडकीवर जावे लागते. अर्ज करण्याआधी ही स्थिती कोर्टात विचारून घ्यावी. आणि 'नवी सुरुवात'ची मर्यादा काय लिहिली आहे? वर्षाचे उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, आणि स्वतःचे घर नको. ३५,००० म्हणजे आज एका क्रेडिट कार्डाची बाकी. लागू झाला तरी आपल्यातल्या किती जणांना उपयोगी पडेल?

तेव्हा आमच्या तीन सूचना आहेत, त्या ठरावाच्या रूपाने मांडाव्यात ही अध्यक्षांना विनंती. एक, 'नवी सुरुवात' प्रकरण लागू करावे आणि त्याच्या मर्यादा आजच्या महागाईला धरून वाढवाव्यात, असे पत्र आपल्या खासदारांना जावे. उमेदवार मते मागायला वाड्यात येतील तेव्हा शाळेबरोबर हेही विचारावे. दोन, नादारीच्या अर्जाचा नमुना आणि मार्गदर्शन कोर्टाच्या आवारात गुजरातीत मिळावे अशी विधी सेवा प्राधिकरणाला विनंती करावी. तीन, महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या खोलीत एक टेबल मांडावे. आम्ही बसू. यादी लिहू, बेरीज करू, कोणते कागद लागतील ते सांगू. कोर्टात बोलणार नाही, आणि आधी कोणाचे पैसे द्यावे याचा सल्ला यापुढे कधीच देणार नाही.

पूर्वी म्हणे दिवाळे निघालेला सावकार दुकानात भरदिवसा दिवा लावून ठेवायचा, म्हणजे लोकांनी समजावे की आता इथे काही नाही. ते लाजिरवाणे होते, पण उघड होते. आज आपण दिवा लावत नाही, दार लावतो. दाराआड काय काय होते हे या सभेतल्या पुष्कळांना ठाऊक आहे. काही घरे तर आपण रातोरात रिकामी झालेली पाहिली आहेत. तेव्हा कोणाला आमच्याकडे यायचे असेल तर रात्री नऊनंतर, मागच्या दाराने यायची गरज नाही. रविवारी सकाळी या. येताना सगळी पत्रे आणा, न फोडलेलीसुद्धा. आणि घरात सांगून या.